दानिलो, वय वर्षं एकोणीस

"डोक्यावर चमचा ठेवून एक फोटो पाठवशील का?"

एवढं टाइप करून झेनिया थांबली. पाठवायचं बटण दाबायला तिचा अंगठा काही केल्या तयार होईना. शाळेच्या जेवणघरात तिच्या उजवीकडे मकेन्झी आणि डावीकडे रोविना अशा चिकटून बसल्या होत्या की मधून वारासुद्धा जाऊ नये.

"दाब आता," मकेन्झी म्हणाली. "पैज म्हणजे पैज. घाबरलीस तर महिनाभर माझी हॉकीची बॅग तू उचलायची. आतल्या मोज्यांसकट."

"मोज्यांचं नाव काढू नकोस," झेनिया म्हणाली. "आणि चमच्यानं काय कळणार आहे?"

"सगळं कळतं," रोविना म्हणाली. "चोरलेला फोटो कुणीही लावेल. पण चोरलेल्या फोटोच्या डोक्यावर चमचा कुठून आणेल?"

रोविना शाळा सुटल्यावर को-ऑप दुकानात कपड्यांच्या मांडणीवर काम करायची, आणि या सगळ्या संकटाचा शोध तिनंच लावला होता. आदल्या दिवशी तिनं थंडीच्या मोज्यांचा नवा खोका फोडला. पाहते तर प्रत्येक पाकिटावर लाल लोकरी टोपी घातलेला, बर्फात उभा राहून बत्तीस दात दाखवणारा दानिलो. उणे चाळीस अंशांपर्यंत पाय गरम, तीन जोड्या एकत्र घेतल्यास सवलत. मांडणीवर अठरा पाकिटं, अठरा दानिलो.

दानिलो, वय वर्षं एकोणीस, मुक्काम यॉर्कटन, सिंबाली दुरुस्त करण्यात पटाईत. झेनियाचा चार महिन्यांचा ऑनलाइन मित्र.

"तो फावल्या वेळात मोज्यांसाठी फोटो काढून घेत असेल," झेनिया म्हणाली.

"यॉर्कटनमध्ये?" मकेन्झीनं विचारलं. यॉर्कटनमध्ये ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळतात, फोटोवाले नाहीत.

एखाद्याचा फोटो खोटा निघाला म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्यांपैकी झेनिया नव्हती. हे तिचं वर्ष होतं. दातांवरच्या तारा निघाल्या होत्या, वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, आणि गणिताच्या सरांना तिनं भर वर्गात "उत्तर चुकलंय" म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरोखर चुकलं होतं. अडचण एवढीच होती की त्या मोजेवाल्याकडे दीदोंची सिंबाली होती.

दीदो म्हणजे झेनियाचे आजोबा. आणि सिंबाली म्हणजे चपट्या लाकडी पेटीवर शंभराच्या वर तारा ताणलेलं, दोन हलक्या काठ्यांनी वाजवायचं वाद्य. पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या लग्नांत दीदोंची सिंबाली वाजली होती. तिच्या तळाला डाग देऊन नाव उमटवलेलं होतं: प्रोकोप, यॉर्कटन, १९६४. पाहुणा आला की दीदो आधी ते नाव दाखवत आणि मग त्याला बसायला सांगत. "प्रोकोपच्या हातासारखा हात पुन्हा झाला नाही," असं ते म्हणत. घराला आग लागली तर आधी सिंबाली बाहेर काढायची, मग दीदोंच्या गोळ्या, मग माणसं, हा क्रम घरात सगळ्यांना पाठ होता.

ही सिंबाली झेनियानं डिसेंबरमध्ये शाळेच्या कार्यक्रमासाठी न विचारता नेली. न विचारता, कारण विचारलं तर "नाही" म्हणतील हे तिला माहीत होतं. शिवाय नाताळाआधीच्या उपासाला बसले की दीदो थेट मालांकाच्या सणापर्यंत वाद्याला हात लावत नाहीत. ती ठेवायच्या पेटीला कुलूप नाही, पण दीदोंचा उपास कुलपापेक्षा पक्का. कोणाला कळणार होतं? पण येताना शाळेच्या बसपुढे रस्त्यात मूस, म्हणजे घोड्याहून उंच सांबर, उभा होता. मूसला कधीच घाई नसते. बसवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, पेटी मागच्या बाकावरून घसरत थेट बसवाल्याच्या टाचेला जाऊन भेटली, आणि घरी येऊन उघडून पाहिलं तर सिंबालीच्या छातीवर वीतभर चीर.

अशा वेळी मुलगी कोणाला विचारते? ज्याला सगळं येतं त्याला. सिंबालीवाल्यांचं एक ऑनलाइन मंडळ होतं. झेनियानं सप्टेंबरमध्ये तिथं पहिल्यांदा खऱ्या नावानं एक प्रश्न विचारला, तेव्हा सात काकांनी मिळून एकच उत्तर दिलं होतं: "बाळ, आजोबांना विचार." तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं नवं खातं उघडलं. झेनन, वय चोवीस, स्वतःचा बँड, स्वतःचा ट्रक. फोटोसाठी आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममधून बाबा कापून घेतले, आईशिवाय. झुबकेदार मिशी, भरतकामाचा सदरा, नजरेत दम. त्याच प्रश्नाला झेननला अकरा लांबलचक उत्तरं आली.

त्यातलं सर्वांत शहाणं उत्तर दानिलोचं होतं. तो थोडक्यात लिहायचा आणि दटावून लिहायचा. "तार पिळू नकोस. आधी ऐक ती काय म्हणते." असं लिहिणारा माणूस वाईट कसा असेल? त्यानं "पाठवून दे, मालांकाच्या आत नीट करतो" म्हटल्यावर झेनियानं सिंबाली दोन गोधड्यांत गुंडाळली, कापणी-यंत्राच्या पट्ट्याच्या रिकाम्या खोक्यात घातली आणि सुट्या भागांच्या गाडीनं यॉर्कटनला रवाना केली. ट्रॅक्टरचे सुटे भाग नेणारी ती गाडी आठवड्यातून दोनदा जाते आणि गावाची निम्मी खासगी पार्सलं तीच वाहते. लग्नाचे केक, कुत्र्याची पिल्लं, एकदा तर चर्चमध्ये उभ्या असलेल्या नवरदेवाचे बूट. चालक कधीच काही विचारत नाही. या वेळी त्यानं विचारलं असतं तर फार बरं झालं असतं, असं झेनियाला आता वाटत होतं.

मालांका चार दिवसांवर आली होती, आणि त्या दिवशी दीदोंना वाजवायला सिंबाली लागणार होती.

तिनं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं. "दोन्ही हात सरसात आहेत. चमचा कशाला?"

"गंमत म्हणून," झेनियानं लिहिलं.

"मग आधी तू पाठव."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मिशीवाला, चोवीस वर्षांचा, डोक्यावर चमचा ठेवलेला झेनन त्या जेवणघरात कुठेच नव्हता.

"ट्रक चालवतोय," झेनियानं लिहिलं.

"ट्रक चालवताना टाइप करतोस?" समोरून आलं. "मूर्ख आहेस. बाजूला घे."

थोड्या वेळानं पुन्हा फोन थरथरला. "काम झालंय. गाडीनं पाठवत नाही, थंडीत सरस उकलेल. शनिवारी तुमच्या मालांकाला स्वतः आणून देतो. तुला एकदा बघायचंही आहे. मी बोकडाच्या सोंगात असेन. तू मंचाजवळ उभा राहा."

"तुला बघायचंही आहे," रोविनानं सावकाश वाचलं. "झेनिया, आईला सांग."

"सांगणार आहे."

"कधी?"

"सिंबाली हातात आली की."

मालांका म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे वर्षाचा शेवटचा दिवस, सोंगांचा दिवस. सगळं गाव तोंड झाकून गावच्या हॉलमध्ये येतं. कोण डॉक्टर, कोण अस्वल, कोण म्हातारी, काही पत्ता लागत नाही, आणि बोकडाचं सोंग नाचून, खोटं खोटं मरून पुन्हा उठलं नाही तर वर्ष उगवतच नाही. ज्याला तोंड दाखवायचं नाही, त्यानं येण्यासाठी नेमका तोच दिवस निवडला होता. मकेन्झीनं तिला हॉकीच्या पंचाची शिट्टी दिली. रोविनानं तीन अटी घातल्या: हॉलच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, एकटीनं बोलायचं नाही, आणि बोकडानं दिलेलं काहीही खायचं नाही.

शनिवारी सकाळी आणखी एक भानगड झाली. सिंबाली नसलेली पेटी हलकी लागू नये म्हणून झेनियानं तिच्यात आईचे ओव्हनचे सहा ट्रे टॉवेलांत गुंडाळून भरले होते, आणि आई शुक्रवारपासून तेच ट्रे शोधत होती.

"घरात भूत आहे," आई म्हणाली. "माझे ट्रे नेणारं भूत. हॉलमध्ये दोनशे माणसं यायचीत, अक्रोडाचे रोल मी काय तुझ्या बाबांच्या टोपीत भाजू?"

झेनियानं ट्रे काढून "तळघरात सापडले" म्हणून आणून दिले. आता पेटीत तेवढंच जड, तेवढंच लांब काय भरायचं? बाबा रस्त्यावरचं बर्फ ढकलायचं यंत्र चालवत आणि सुटीच्या दिवशी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत. मागच्या ओसरीतल्या फ्रीजरमध्ये दोन जॅकफिश होते, हातभर लांब, लाकडाच्या फळीसारखे कडक. झेनियानं ते पेटीत आडवे ठेवले, वर टॉवेल घातले, झाकण लावलं. हॉलवर एक तास, मग दानिलो येईल, अदलाबदल, काम तमाम. गोठलेल्या माशाला एका तासात काय होणार आहे?

कार्यक्रम दुपारी दोनला होता, कारण म्हाताऱ्या मंडळींना अंधारात बर्फावर गाडी चालवायची नसते. दीदो भरतकामाचा सदरा घालून, केस चापून हॉलमध्ये शिरले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

"बोहदान, पेटी हीटरजवळ ठेव. थंड वाद्य सुरात लागत नाही."

बाबांनी पेटी हीटरला अगदी टेकवून ठेवली. झेनिया पेटीकडे धावली.

"दीदो, फार गरम होईल," ती म्हणाली.

"प्रोकोपनं केलेली आहे," दीदो म्हणाले. "तिला काही होत नाही."

हॉल भरत होता. कोबीच्या रोलचा, तळलेल्या कांद्याचा, ओल्या बुटांचा वास. मकेन्झी दारापाशी पहाऱ्याला, रोविना स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, आणि झेनिया मंचाजवळ, गळ्यात शिट्टी, डोळे दारावर. अडीच वाजता पहिला बोकड आला. खांद्यावर मेंढीचं कातडं, लाकडी तोंड, कुरकुरणारा जबडा. झेनियानं बळ एकवटलं आणि त्याची वाट अडवली.

"डोक्यावर चमचा ठेव," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

बोकडानं लाकडी तोंड वर केलं. आत ओरेस्त काका होते, गेली वीस वर्षं गावाचा ठरलेला बोकड. "हे काय नवीन?" ते आनंदानं म्हणाले. "शिंगांच्या मध्ये ठेवू का? आण चमचा."

त्यांनी चमचा ठेवला आणि नाचायला लागले. ते पाहून अस्वलानं ठेवला. अस्वलाचं पाहून पोरांनी स्वयंपाकघरातून चमच्यांचा डबाच पळवला. दहा मिनिटांत हॉलमधली निम्मी माणसं डोक्यावर चमचा तोलत हिंडत होती. पाद्रीबाबांच्या डोक्यावर तर सुपाचा डाव होता. जगात चोर ओळखायची एकच परीक्षा झेनियाला ठाऊक होती, आणि त्या परीक्षेत आता सगळं गाव पास झालं होतं.

तेवढ्यात दाराकडून मकेन्झीनं हात वर केला. आधी एक बोट दाखवलं, मग दोन, मग तीन.

तीन बोकड आत आले. तिघंही ठेंगणे, तिघांच्याही अंगावर जुने फरचे कोट, तोंडाला कागदाच्या लगद्याचे मुखवटे, आणि तिघांच्याही हातात लाटणं. मधल्या बोकडाच्या काखेत कापणी-यंत्राच्या पट्ट्याचा खोका.

झेनियानं बोकड पुन्हा मोजले. तो एकटा येणार होता. तिघं कशाला? लाटणी कशाला?

बोकडांनी हॉलभर नजर फिरवली, एकमेकांशी कुजबुजले आणि सरळ मंचाकडे निघाले. झेनियानं शिट्टी तोंडात धरली. पण बोकड तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. ते तिच्या बाजूनं गेले आणि शेजारी कोबीचा रोल खात उभ्या असलेल्या बाबांना त्यांनी तिन्हीकडून घेरलं.

"झेनन," मधला बोकड मुखवट्याआडून घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मी बोहदान," बाबा म्हणाले.

"आज बोहदान का? आणि मिशी कुठे गेली?"

"मिशी?" बाबांनी ओठांवर हात नेला. "मिशी लग्नात होती."

"लग्न झालंय तुझं?" डावा बोकड कडाडला. "ऐकलंस का गं? लग्न झालंय याचं."

"आणि वय चोवीस सांगतो," उजवा बोकड म्हणाला. "माझ्या ओव्हरकोटाचं वय पन्नास आहे, तो याच्यापेक्षा बरा दिसतो."

"चार महिने लिहितोस मला," मधला बोकड म्हणाला. "दर रविवारी. लग्नाचं एक अक्षर नाही."

बाबांच्या हातातला रोल तसाच राहिला, कारण मागे आई उभी होती. तिच्या हातात अक्रोडाच्या रोलचा ट्रे होता आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"चार महिने?" आई म्हणाली.

"लेस्या, मी या बोकडाला ओळखत नाही."

"दर रविवारी? मला सव्वीस वर्षांत तू एक चिठ्ठी लिहिली नाहीस. भाजीची यादीसुद्धा मीच लिहिते."

"लेस्या, देवाशपथ. मला टाइप करता येतं का, सांग बरं?"

"म्हणून तर कळलं नाही मला," आई म्हणाली. तिनं ट्रे खाली ठेवला. आई ट्रे खाली ठेवते तेव्हा गोष्ट गंभीर असते.

झेनियाच्या डोक्यात चक्र सुरू झालं. गप्प राहिलं तर? सिंबालीचा खोका तिथंच होता, तीन पावलांवर. गडबडीत उचलायचा, पेटीत सिंबाली, मासे बाहेर, कोणाला काही कळणार नाही. फक्त बाबांचा संसार मोडेल. बाबांचे कान लाल झाले होते. रोल धरलेला हात हवेत तसाच होता, आणि भोवती जमलेल्या, डोक्यावर चमचे ठेवलेल्या माणसांकडे ते एकेक करून पाहत होते, कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून.

आणि त्याच क्षणी हीटरजवळून दीदोंचा आवाज आला. "अरे, पेटीतून पाणी का येतंय?"

झेनियानं शिट्टी फुंकली.

हॉकीच्या पंचाची शिट्टी बंद हॉलमध्ये काय करते, ते सांगायला नको. सगळा हॉल जागच्या जागी थिजला आणि पन्नास-साठ चमचे एकदम फरशीवर पडले. झेनिया मंचावर चढली. माइकला हात लावला तर तो आधी किंचाळला, मग गप्प झाला.

"झेनन मी आहे," ती म्हणाली.

आईनं बाबांकडे पाहिलं, मग मंचाकडे.

"बाबांचा फोटो मी लावला. लग्नाच्या अल्बममधला. बाबांनी कुणाला काही लिहिलेलं नाही, त्यांना खरंच टाइप करता येत नाही. सिंबाली मी शाळेत नेली, ती पडली, तिला चीर गेली, आणि मी ती एका मुलाला पाठवली, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही. तो मोज्यांच्या पाकिटावरचा निघाला. दीदो, पेटी उघडू नका."

पण दीदोंनी पेटी उघडलेली होती. ते आत पाहत होते. आतले दोन जॅकफिश, आता बरेच मऊ पडलेले, तोंड उघडं टाकून दीदोंकडे पाहत होते. बाबा जवळ गेले, वाकले आणि त्यांनी एवढंच म्हटलं, "हे माझे आहेत."

दीदो खुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, आणि झेनियाला ते एकदम लहान झाल्यासारखे वाटले. गणिताचे सर, वक्तृत्व, दातांच्या तारा, यातलं काहीच आता तिच्या उपयोगाचं नव्हतं.

तेव्हा मधल्या बोकडानं खोका टेबलावर ठेवला आणि मुखवटा काढला. आतून पांढऱ्या केसांचा अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा आणि घामानं चिंब झालेला, सुरकुत्यांचा चेहरा बाहेर आला.

"तू झेनन?" आजी झेनियाला म्हणाल्या. "तू तर शेंबडी पोर आहेस."

"आणि तुम्ही दानिलो?" झेनिया म्हणाली. "तुम्ही तर..." पुढचा शब्द तिनं गिळला.

"बोल ना. म्हातारी. मी स्तेफानिया. दानिलो माझा बोका. त्याचं वय एकोणीस आहे, तेवढं मी खरं लिहिलं."

"आणि फोटो?"

"मोजे चांगले निघाले होते."

उरलेल्या दोन बोकडांनीही मुखवटे काढले. त्या स्तेफानियाआजींच्या इमारतीतल्या शेजारणी होत्या. "आम्ही हिला एकटी येऊच दिली नाही," एक म्हणाली. "मिशीवाला, ट्रकवाला, डोक्यावर चमचे ठेवायला सांगणारा माणूस. आजकाल कुणाचा काय भरवसा? म्हणून लाटणी."

"पण तुम्ही खोटं नाव का घेतलं?" झेनियानं विचारलं. विचारायचा हक्क आपल्याला आहे का, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"खऱ्या नावानं लिहिलं होतं की एकदा. चिरेचा उपाय सांगितला. सात जणांनी उत्तर दिलं: आजी, त्यापेक्षा पेरोगीचं पीठ कसं भिजवायचं ते सांगा."

मग आजींनी खोका उघडला, गोधड्या सोडल्या आणि सिंबाली दीदोंच्या मांडीवर ठेवली. दीदोंनी छातीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. चीर कुठे होती ते त्यांच्या बोटाला सापडेना. त्यांनी सिंबाली सावकाश उलटी केली आणि तळाचं नाव आजींना दाखवलं, पाहुण्यांना दाखवत तसंच.

"प्रोकोप," ते म्हणाले. "पाहिलंत? असा हात पुन्हा झाला नाही. पण तुमचाही हात बरा आहे."

"प्रोकोप माझे वडील," आजी म्हणाल्या. "एकसष्ट सालापासून त्यांचे हात थरथरत होते. साधा पेला धरता येत नव्हता. चौसष्टची ही मी बांधली. अठरा वर्षांची होते. नाव त्यांचं डागलं, कारण पोरीच्या हातची सिंबाली विकत कोण घेतं?"

दीदोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तळाचं नाव परत वाचलं, जणू एवढ्यात ते बदललं असेल.

"साठ वर्षं मी प्रोकोपची स्तुती करतोय," ते म्हणाले.

"माहीत आहे. एकदा रेडिओवरही केली होती तुम्ही. मी ऐकत होते. आवडली."

दीदोंनी सिंबाली पुन्हा सुलटी केली. मग त्यांनी काठ्या मागितल्या. दोन्ही हलक्या काठ्या तारांवर उतरल्या आणि पहिला सूर उमटला, तेव्हा हीटरजवळच्या ओल्या पेटीचासुद्धा सगळ्यांना विसर पडला. ओरेस्त काका नाचले, रिवाजाप्रमाणे मेले, आणि पोरांनी तोंडात मिठाई घातल्यावर रिवाजाप्रमाणे उठले.

झेनियाची सुनावणी जेवणाच्या टेबलावर झाली. एका बाजूला आईबाबा, समोर झेनिया, कडेला स्तेफानियाआजी पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खात आणि पीठ किती भिजवलंय यावर काही न बोलण्याचा प्रयत्न करत.

"त्या दारातून कोण आलं असतं, याची कल्पना आहे तुला?" बाबा म्हणाले. "तुझं नशीब म्हणून या आल्या. नावावर, फोटोवर विश्वास ठेवायचा नसतो, किती वेळा सांगितलं."

"बरोबर आहे," पलीकडून दीदो म्हणाले. "नावावर तर मुळीच नाही." आणि ते सिंबालीच्या तळाकडे पाहायला लागले.

"फोन सहा महिने माझ्याकडे," आई म्हणाली. "आणि पेटी तू धुवायचीस. वास जाईपर्यंत."

"तो वास जात नाही," बाबा म्हणाले. "मला ट्रकचा अनुभव आहे."

झेनिया उभी राहिली. शिट्टी अजून गळ्यातच होती. मकेन्झी आणि रोविना शेजारच्या टेबलावरून कान टवकारून बसल्या होत्या, पण या वेळी कुणी पैज लावलेली नव्हती.

"फोन घ्या. पेटी धुते. सगळं मान्य," ती म्हणाली. "पण जुलैपासून दोन महिने मी यॉर्कटनला राहणार आहे. आजींकडे. मी विचारलंय त्यांना, बोक्याची हरकत नसेल तर चालेल म्हणाल्या."

"कोणाकडे?" बाबा म्हणाले. "आत्ता तासाभरापूर्वी ही बाई बोकड होती."

आईनं टेबलावरचा चमचा उचलला आणि आजींपुढे धरला. आजींनी तोंडातला घास संपवला, चष्मा सरळ केला आणि चमचा अंबाड्यावर नीट ठेवला. आईनं झेनियाच्याच फोनवर फोटो काढला, मोठा करून पाहिला, बाबांना दाखवला आणि फोन आपल्या पर्समध्ये टाकला.

"हं," आई म्हणाली. "पुढे बोल."

"मी सिंबाली बांधायला शिकणार आहे," झेनिया म्हणाली. "एक पुरी करूनच घरी येईन. आणि तिच्या तळाला मी झेनिया असं डागणार आहे. पूर्ण नाव, आडनावासकट."